बडोद्यात नवीन धंद्याचा लोगो करताय? आधी नाव नीट लिहा, चित्राचं नंतर बघू

नवीन धंदा काढणारे लोक लोगोबद्दल विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, चिन्ह काय घेऊ? वडाचं झाड घेऊ का, नथ बरी दिसेल का, सूर्य कसा वाटेल. मी त्यांना आधी एकच सांगते, तुमचं नाव नीट लिहून घ्या. बडोद्यात तर हे फारच महत्त्वाचं आहे कारण इथलं एकच गिऱ्हाईक घरात मराठी बोलतं, बाजारात गुजराती पाटी वाचतं आणि मोबाइलवर इंग्रजीत सर्च करतं, त्यामुळे नाव तिन्ही लिप्यांत नीट वाचता येणारं आणि दर वेळी अगदी तसंच दिसणारं असलं की निम्म्याहून जास्त काम झालंच म्हणून समजा. चित्र त्याच्या नंतर, आणि कधीकधी लागतच नाही.

सोयीसाठी एक उदाहरण धरूया. समजा मांजलपूरला एक ताई घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकणार आहेत, दिवाळीत फराळ पण, आणि नाव ठेवायचंय उंबरा. नाव फक्त उदाहरणापुरतं आहे, पण याच्यावर सगळं नीट दाखवता येतं.

आधी कागदावर

कॉम्प्युटर उघडायच्या आधी एक यादी करा की हा लोगो कुठे कुठे बसणार आहे. लोक मोठा बोर्ड डोळ्यासमोर ठेवून लोगो करतात आणि घरगुती धंद्यात बोर्ड कधीकधी दोन वर्षं लागतच नाही. खरं आयुष्य लोगोचं जातं ते बरणीच्या झाकणावरच्या चार सेंटिमीटरच्या स्टिकरवर, व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत, बिलावर, रबरी शिक्क्यात, पिशवीवर. बिल छापणाऱ्या थर्मल प्रिंटरचा रोल ५८ किंवा ८० मिलिमीटर रुंद असतो आणि तो फक्त काळं छापतो, राखाडी पण धड येत नाही. तर या यादीतली सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त, एकाच रंगाची जागा शोधा आणि डिझाइन तिथून सुरू करा. तिथे चाललं की बोर्डवर चालतंच, उलटं मात्र होत नाही.

दुसरा कागद गिऱ्हाइकाचा. कोण घेणार? दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची जुनी मराठी घरं, त्यांना मेतकूट काय ते सांगावं लागत नाही. शेजारच्या गुजराती बेन, त्यांनी मेतकूट कधी खाल्लं नसेल पण मसाल्याची पारख त्यांना पक्की आहे. आणि नोकरीसाठी बाहेरून आलेली तरुण मंडळी, जी गोत्री अलकापुरीकडे फ्लॅटमध्ये राहतात आणि ऑर्डर मोबाइलवरूनच देतात. या तिघांपैकी तुमचा पहिला कोण ते ठरवा, कारण तिघांना एकदम खूश करायला गेलं की लेबलवर सगळंच येतं आणि वाचलं काहीच जात नाही. मग ही माणसं आत्ता ही वस्तू कुठून घेतात ते लिहा आणि त्या दुकानात जाऊन त्या कपाटाचा फोटो काढून आणा. हा फोटो रंग ठरवताना फार कामाला येतो.

आणि एक वाक्य लिहा, आमच्याकडूनच का घ्यायचं. "उत्तम क्वालिटी" आणि "घरगुती चव" हे शब्द बाजूला ठेवा, ते प्रत्येकाच्या पाकिटावर असतात. "भाजणी दर आठवड्याला ताजी दळतो आणि दळल्याची तारीख मोठी छापतो" हे वाक्य झालं. यातून डिझाइनला पण काहीतरी मिळतं, तारखेची जागा लेबलवर ठळक ठेवायची हे लगेच ठरलं ना.

नाव तीन लिप्यांत तपासा

उंबरा हा शब्द गुजराती माणसाला परका नाही, ते उंबरो म्हणतात, म्हणजे कानाला ओळखीचा आहे आणि ही मोठी जमेची बाजू. सगळ्याच मराठी नावांचं असं होत नाही. मराठीतलं शेवटी अनुस्वार असलेलं नाव, म्हणजे जातं, ताटं, घरटं असं काही, गुजरातीत तसंच्या तसं लिहिलं तर वाचणारा अडखळतो, आणि जातं मधला टिंब शिक्क्यात उडाला तर उरतं ते जात, मग काय. म्हणून नाव ठरवताना गुजराती शेजाऱ्याला नुसतं लिहून दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा, समजावून सांगू नका. फोनवर पण कुणाला तरी एकदा सांगून बघा, ऐकणाऱ्याने बरोबर लिहिलं का.

इंग्रजी स्पेलिंग आत्ताच ठरवा आणि ते कायमचं. उंबराच्या मधला ए ठेवायचा की गाळायचा? गाळला तर लोक अंब्रा वाचतात. इन्स्टाग्रामवर एक, गुगल मॅपवर दुसरं, यूपीआयच्या क्यूआरखाली तिसरंच असं झालं की शोधणाऱ्या माणसाला तुम्ही सापडता सापडत नाही. नावाबरोबर खाली एक लहान ओळ ठेवा ज्यात वस्तू काय ते सरळ लिहिलंय, मराठीत "घरचे मसाले आणि पिठं", गुजरातीत "मसाला अने लोट". लोक इथे सुविचार टाकतात, तो नको. उंबरा वाचून कुणाला कळणार की आत मसाला आहे? ही ओळ ते काम करते.

आणि याच पायरीला, डिझाइनवर एक रुपया घालवायच्या आधी, ट्रेडमार्कच्या, म्हणजे नावाच्या कायदेशीर नोंदणीच्या, सरकारी साइटवर पब्लिक सर्च करा, फुकट आहे. तिथे वस्तूंचे वर्ग पाडलेले असतात. मसाले, पिठं, बेकरी, चहा हे वर्ग ३० मध्ये येतात, लोणचं वर्ग २९ मध्ये. सारखं ऐकू येणारं नाव त्याच वर्गात आधीपासून असेल तर लगेच दुसरं नाव बघा, आत्ता वाईट वाटेल पण हजार लेबलं छापून झाल्यावर जास्त वाईट वाटतं. आणि नुसतं वस्तूचं वर्णन करणारं नाव, "शुद्ध मसाले" वगैरे, नोंदणीला अवघड जातं कारण ते शब्द सगळ्यांनाच वापरायचे असतात.

अक्षरं, इथेच सगळा वेळ द्या

देवनागरी आणि गुजराती या बहिणी आहेत पण कपडे वेगळे. देवनागरीला वर शिरोरेषा, गुजरातीला ती नाही. ग, न, म, र ही अक्षरं रेघ काढली की बरीचशी तशीच वाटतात, पण क, ख, ज, झ, फ गुजरातीत पार वेगळे दिसतात. म्हणून मराठी लोगोची वरची रेघ खोडून गुजराती लोगो बनवायचा प्रकार कृपा करून करू नका, गुजराती वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं आणि आपण त्याच्या लिपीची पर्वा करत नाही असं दिसतं. आपण त्याच्या गावात धंदा करतोय, त्याचं अक्षर पण आपण तेवढ्याच प्रेमाने काढलं पाहिजे.

सोपा रस्ता असा की एकाच घराण्यातले फॉन्ट घ्या. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्ता देवनागरीसाठी आहे आणि त्याचाच गुजराती भाऊ मुक्ता वाणी. त्यांचाच अनेक नावाचा फॉन्ट आहे ज्यात देवनागरी, गुजराती, इंग्रजी सगळं एकाच ठेवणीत आणि बारीक ते जाड भरपूर वजनं आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद देवनागरीला, आणि त्याच्या गुजराती आवृत्तीचं नाव चक्क हिंद वडोदरा आहे, आपल्या गावाचं नाव असलेला फॉन्ट, मला तर तो वापरताना दर वेळी बरं वाटतं. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर आहेत, ओपन लायसन्सचे, धंद्यासाठी वापरायला पैसे नाहीत. थोडा नखरा हवा असेल तर फरसाण, मोगरा, श्रीखंड असे गुजराती डिस्प्ले फॉन्ट पण तिथेच मिळतात, पण लक्षात ठेवा की त्यात देवनागरी नाहीये, मग मराठीसाठी जोडी तुम्हाला शोधावी लागणार. कुठल्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेले, कुणाचे ते माहीत नसलेले फॉन्ट मात्र लोगोत वापरू नका.

फॉन्ट निवडून नाव टाइप केलं म्हणजे लोगो झाला असं नाही हां. आता ते अक्षर न् अक्षर बघायचं. उंबरा घ्या. पहिला उ, त्याच्यावर अनुस्वाराचा टिंब. हा टिंब लहान स्टिकरवर उडतो, म्हणून तो फॉन्टमध्ये आहे त्यापेक्षा थोडा मोठा करा आणि शिरोरेषेपासून थोडा वर उचला, नाहीतर शाई पसरली की तो रेघेला चिकटतो. मग ब. ब च्या पोटात तिरकी रेघ असते, जाड वजनाच्या फॉन्टमध्ये ती जागा इतकी अरुंद होते की रबरी शिक्क्यात भरून जाते आणि नुसता काळा ठिपका दिसतो, आणि बारीक वजनात उलटं होतं, रेघ छापलीच जात नाही आणि लोक उंवरा वाचतात. म्हणून मधलं वजन घ्या, पोट थोडं मोकळं करा. तुमच्या नावात भ, ष, क्ष, श्र, द्ध असलं काही असेल तर हीच तपासणी करा. जोडाक्षरं तर आवर्जून बघा कारण काही सॉफ्टवेअरमध्ये ती फुटतात, पाय मोडून हलंत लागलेलं दिसतं.

एक चूक मी गावभर पाट्यांवर बघते, देवनागरी अक्षरांमध्ये जागा सोडायची. इंग्रजी कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवली की ऐटबाज दिसतात, गुजरातीतही थोडं चालतं, पण देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शब्द एका रेघेला लटकलेला राहू द्या. आणि तिन्ही लिप्या एकत्र ठेवताना उंची फॉन्ट साइजच्या आकड्यावर जुळवू नका, डोळ्यांनी जुळवा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार अशी दोन्हीकडे जागा लागते, त्यामुळे त्याच आकड्याचं इंग्रजी शेजारी भलतंच मोठं वाटतं. तिन्हीपैकी एक लिपी मोठी ठेवा आणि बाकी दोन तिच्या आधाराला, तिघींना सारखा मान द्यायला गेलं की गर्दी होते. ताईंचं पहिलं गिऱ्हाईक मराठी असेल तर देवनागरी मोठी, बाजूच्या सोसायट्यांत विकायचं असेल तर गुजराती मोठी. डीपीमध्ये तर एकच लिपी, तिथे तिघी मावत नाहीत.

हाताने लिहिता येत असेल तर अजून छान. बोरूने किंवा कट निबने नाव वीस पंचवीस वेळा लिहा, त्यातलं एक बरं निघतं, मोबाइलवर फोटो काढून इंकस्केपमध्ये ट्रेस करा, ते सॉफ्टवेअर फुकट आहे. हाताचं अक्षर दुसऱ्या कुणाकडे नसतं, मसाल्याच्या धंद्याला त्याची ऊब पण येते.

चिन्ह लागतंच का?

बँक ऑफ बडोदाचं बघा. बँक १९०८ ला सयाजीराव महाराजांनी सुरू केली आणि आज दिसतो तो केशरी लोगो, "बडोदा सन" म्हणजे बडोद्याचा सूर्य, २००५ मध्ये आला. दोन बी अक्षरं आणि त्यातून फुटणारी उगवत्या सूर्याची किरणं. म्हणजे शंभरीला आलेल्या, गावोगाव शाखा असलेल्या बँकेने सुद्धा चिन्ह नावातल्या अक्षरातूनच काढलं, आणि ते लोकांच्या डोळ्यात बसवायला त्यांच्याकडे हजारो शाखांचे बोर्ड होते. ताईंकडे झाकणावरचा स्टिकर आहे. नुसतं चिन्ह छापून नाव न लिहिण्याची चैन आपल्याला परवडत नाही, आपलं नावच आपलं चिन्ह.

तरी डीपीसाठी, शिक्क्यासाठी एखादी छोटी खूण हवी असते. ती नावातून काढा. उंबराचा उ आणि त्यावरचा टिंब, एवढं गोलात बसवलं तरी पुरे, किंवा शिरोरेषाच घराच्या उंबऱ्यासारखी जाड आडवी पट्टी करून अक्षरांच्या खाली आणता येईल का ते करून बघा. नथ, फेटा, तुळशी वृंदावन, पैठणीचा मोर हे सगळं सुंदर आहे, माझ्याही घरातलं आहे, पण महाराष्ट्राबाहेर मराठी खाण्याचा धंदा म्हटला की प्रत्येक जण तिथेच जातो आणि मग पाच ब्रँड शेजारी ठेवले तर कोण कुठला कळत नाही. तसंच वडाचं झाड आणि राजवाड्याची कमान, बडोद्यातल्या निम्म्या संस्थांनी ती आधीच घेतलेली आहे. आणि अशोक स्तंभ, तिरंग्याचं चक्र असलं काही लोगोत घालू नका, १९५० च्या कायद्याने त्याला मनाई आहे.

रंग

पहिले सगळे कच्चे आराखडे काळ्या पांढऱ्यात करा, रंग लावूच नका. रंग लावला की घरातले सगळे रंगावरच बोलतात आणि अक्षराकडे कुणी बघत नाही.

मग दुकानातून आणलेला तो कपाटाचा फोटो समोर ठेवा. मसाल्याच्या ओळीत लाल आणि पिवळं भरपूर असतं, तिथे गडद निळा किंवा जांभळट काहीतरी लगेच उठून दिसेल. पण लाल आवडतच असेल तर घ्या, फक्त शेजाऱ्याचाच लाल नको. दोन रंग खूप झाले. याला पैशाचं कारण पण आहे, पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, आणि पुढे छापील पाऊच काढायचे ठरले तर प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर बनतो आणि त्याचे पैसे वेगळे. डिजिटल स्टिकरला हा प्रश्न नाही म्हणून सुरवातीला कळत नाही.

स्क्रीनवर चमकणारा पोपटी, केशरी छापल्यावर मळका येतो कारण मोबाइल उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई चार शायांनी. म्हणून डिझाइन करतानाच सीएमवायके, म्हणजे त्या चार शायांचे, आकडे ठरवा आणि लिहून ठेवा. खाकी क्राफ्ट पाऊचवर छापणार असाल तर साध्या छपाईत पांढरी शाई नसते, जिथे पांढरं समजलात तिथे खाकीच दिसणार, आणि पिवळा तर गायबच होतो. त्यावर काळा, गडद तपकिरी, गडद हिरवा बरे. गोड्या मसाल्याला तेल सुटतं, नुसत्या कागदी लेबलवर डाग पडतात, तेव्हा लॅमिनेशन किंवा प्लास्टिक स्टिकर घ्या.

हिरव्याचं एक सांभाळा. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकोनात भरलेला हिरवा गोल, ती कायद्याने लेबलवर लागतेच, मग लोगोत पण हिरवा गोल ठेवला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

लेबल

खाण्याच्या धंद्यात लेबल हाच तुमचा खरा चेहरा, त्यामुळे त्याला वेगळं काम म्हणून धरा. एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा लोगो आणि १४ आकडी नंबर, घटक पदार्थ, पोषणाची माहिती, निव्वळ वजन, एमआरपी, तारखा, पत्ता, शाकाहारी खूण, हे सगळं बसवायचं असतं आणि लोक आधी सुंदर डिझाइन करतात आणि मग हे सगळं खाली मुंगीएवढ्या अक्षरात कोंबतात. उलट करा, आधी ही माहिती मांडा, उरलेल्या जागेत नाव मोठं करा. आणि ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, गुजराती किंवा मराठी त्याच्या जोडीला चालते, नुसती गुजराती किंवा नुसती मराठी चालत नाही. म्हणून मी म्हणते की लेबलवर कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत, नाव आणि ती एक ओळ मराठी गुजरातीत, असं वाटून टाका.

सगळ्या मालाला एकच साचा ठेवा. भाजणी, मेतकूट, मसाला, नाव त्याच जागी, त्याच मापात, फक्त पट्टीचा रंग बदलतो. नवीन पदार्थ आला की अर्ध्या तासात लेबल तयार.

फाइली

प्रिंटवाल्याकडे गेलात की तो विचारणार, "बेन, सीडीआर फाइल मोकलो ने." म्हणजे कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल पाठवा, आपल्याकडे बहुतेक प्रिंटवाले त्याच्यावरच काम करतात. तुमच्याकडे फक्त जेपीजी असेल तर तो त्याच्यावरून परत ट्रेस करणार, आणि तुमचा नीट बसवलेला टिंब आणि ब चं पोट गेलं कामातून. म्हणून व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, हवीच, पीडीएफ किंवा एसव्हीजी, आणि त्यात अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे चित्रासारखी रेघांत बदललेली, मग समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. गुजराती मराठी अक्षरांसाठी तर हे सोडूच नका, त्याच्याकडे जुने फॉन्ट असतात आणि युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली मोबाइलवर करतो तसं, टाइप केलेलं नाव तिथे उघडलं की मात्रा इकडच्या तिकडे होतात.

एका फोल्डरमध्ये एवढं ठेवा: रंगीत व्हेक्टर, एकरंगी काळा, गडद जमिनीवर ठेवायचा पांढरा, पारदर्शक पीएनजी, आणि डीपीसाठी चौकोनी ज्यात कोपरे कापले गेले तरी काही जात नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान होतो. आणि पहिली चांगली छपाई निघाली की तो एक कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच दाखवून सांगायचं की हा रंग पाहिजे. स्क्रीन दाखवून कुणाचा रंग जुळत नाही.

कोणाकडून करून घ्यायचं

स्वतः कॅनव्हात करता येतं, सुरवातीला चालेल, फक्त तिथले तयार लोगो आणि चित्रं दुसरे पण वापरतात त्यामुळे ती तुमची म्हणून ट्रेडमार्कला जात नाहीत. एआयने काढलेल्या चित्रांत देवनागरी आणि गुजराती अक्षरं अजूनही बऱ्याचदा मोडलेली येतात, कल्पना बघायला ठीक, अक्षरं मात्र माणसाच्या हाताने.

बडोद्यात माणसं शोधायला लांब जायला लागत नाही. १८९० चं कलाभवन आपलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे, तिथे अप्लाइड आर्ट शिकणारी मुलं आहेत ज्यांना अक्षरांची खरी जाण असते. विद्यार्थी आहे म्हणून फुकटात मागू नका. काय काय मिळणार, किती वेळा बदल, फाइली कुठल्या, पैसे कधी, हे एका मेलमध्ये लिहून घ्या.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, बाहेरच्या डिझायनरला पैसे दिले म्हणजे लोगोचे हक्क आपोआप तुमचे झाले असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याने हक्क लेखी द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमसाठी, सगळ्या जगासाठी, सगळ्या वापरासाठी" असं स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्या. एक पान पुरतं.

नोंदणी

ट्रेडमार्कचा अर्ज फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरता येतो, स्वतःच्या नावाने किंवा लहान उद्योग म्हणून भरला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. गुजरातचे अर्ज अहमदाबाद ऑफिसला जातात. मंजूर झालं की सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात, चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही तर नोंदणी, आणि ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, मग नूतनीकरण. पैसे एकाच अर्जाचे असतील तर आधी नुसता शब्द नोंदवा, चित्रासकट लोगो नंतर, कारण अक्षराची ठेवण उद्या बदललीत तरी शब्द तुमचाच राहतो. गुजराती लिपीत अर्ज केला तर त्याचं लिप्यंतर आणि अर्थ पण द्यावा लागतो. अर्ज केल्यावर नावाशेजारी टीएम लावू शकता, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर कायद्याने दंड होतो.

छापायला सुरवात

पहिल्यांदा शंभर दोनशे स्टिकर, डिजिटलवर, बस. दिवाळीच्या फराळाला सगळं तयार पाहिजे असेल तर नवरात्रीच्या आधी छापून हातात हवं, गरब्याच्या दिवसांत प्रिंटवाले पास आणि बॅनरच्या कामात बुडालेले असतात. स्टिकर बरणीवर लावा, आठवडाभर ओट्याशेजारी ठेवा, तेलकट हात लागू द्या, फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा. आजीला चष्म्याशिवाय वाचायला सांगा. पाच सहा गिऱ्हाइकांना विचारा की आत काय आहे असं वाटतंय, लोगो आवडला का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

बोर्ड करायचा झाला तर ए४ कागदावर नाव छापून भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून बघा. दर १० फूट अंतराला साधारण १ इंच अक्षर हा पाटीवाल्यांचा हिशोब इंग्रजीचा आहे, आपल्या मात्रा उकारांसाठी थोडं जास्त धरा. अ‍ॅक्रिलिकची एलईडी अक्षरं करणार असाल तर बारीक रेघांच्या आत दिवे बसत नाहीत, करणाऱ्याला आधी विचारून घ्या आणि तेवढ्यापुरती जाड आवृत्ती करून ठेवा. अनुस्वाराचा टिंब वेगळा तुकडा होतो, तो भिंतीला स्वतंत्र ठोकावा लागतो, हे सांगायला विसरलात तर तो लावायचाच राहतो.

छापील पाऊचच्या मागे लगेच लागू नका, तिथे कमीत कमी ऑर्डरच मोठी असते आणि सिलिंडर एकदा बनला की एक मात्रा बदलायची तरी नवीन पैसे. साध्या पाऊचवर स्टिकर लावून पहिले काही लॉट जाऊ द्या, पत्ता, वजनं, किमती बदलायच्या त्या बदलून होतील, कुठला पदार्थ चालतो ते कळेल, आणि मग जो सगळ्यात जास्त खपतो त्या एकाच पदार्थाचा पाऊच छापा.